नॉर्मल म्हणून ठेवलेली बाटली

सर, परवाच्या शोकसभेत सगळ्यांनी मिळून तुम्हाला हार्टनं मारलं. प्राचार्य म्हणाले हृदयविकार, गणिताचे सर म्हणाले अ‍ॅटॅक, आणि विद्यार्थी प्रतिनिधीनं तर 'विशाल हृदयाच्या माणसाला हृदयानंच दगा दिला' असं वाक्य पाठ करून आणलं होतं. मी मागच्या बाकावर होते. तुम्ही शेजारी असता तर हळूच विचारलं असतंत, पुरावा काय? मला बोलायला बोलावलं तेव्हा 'सरांनी आम्हाला घडवलं' एवढं एक वाक्य बोलले आणि खाली बसले. घडवलं म्हणजे नक्की काय केलं, ते तिथे हार घातलेल्या फोटोसमोर सांगता येण्यासारखं नव्हतं.

पारनेरला तुमच्या दहाव्याला गेले होते, तेव्हा काकूंनी मला गर्दीतून बाजूला घेतलं. एरवी चार माणसांत तुमची बायको तोंड उघडत नाही. त्या दिवशी म्हणाल्या, “हार्ट म्हनत्यात समदे. म्हनू दे. पन तुला ठावं हाय ना खरं काय ते? मंग तू लिव्ह. ह्यांच्या कालेजच्या अंकात लिव्ह.” तुम्ही असता तर हे छापू दिलं नसतंत, हे मला ठाऊक आहे. पण आता तुमच्या घरातला शेवटचा शब्द काकूंचा आहे, आणि त्यांनी लिहायला सांगितलं आहे.

तुम्ही आमच्या वर्गावर पहिल्यांदा आलात तेव्हा हातात खडूऐवजी डबा होता. जीवरसायन हा विषय कॉलेजात नवाच सुरू झाला होता आणि तो कशाशी खातात हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही बाजरीची भाकरी काढलीत, एकेकाच्या हातावर तुकडा ठेवलात आणि म्हणालात, चावत राहा, गिळायचं नाही. सलीमनं लगेच गिळला, म्हणून त्याला दुसरा तुकडा मिळाला; तो अजून म्हणतो की तो मुद्दाम गिळला होता. बऱ्याच वेळानं तुम्ही विचारलंत, काय लागतंय? मी हात वर करून सांगितलं, गोड. भाकरीत साखर घातली होती का? नाही. मग आली कुठून? त्या एका प्रश्नावर तुम्ही अख्खा तास घेतलात. लाळेतलं द्रव्य पिठाची लांब साखळी तोडतं आणि साखर सुटी होते, हे मला त्या दिवशी जिभेवर कळलं. घरी जाऊन मी आईलाही भाकरी चावायला लावली. आमाला चावत बसायला येळ कुठाय, असं म्हणत तिनं चावली आणि मग स्वतःहून दुसरा तुकडा मोडून घेतला.

माझ्या वडिलांना मात्र साखर कुठून आली यापेक्षा पोरगी कुठे जाणार याची काळजी होती. ते केडगावहून सायकल मारत नगरला कॉलेजात आले, डोक्यावरची टोपी सारखी करत तुमच्यासमोर उभे राहिले आणि विचारलं, “डाक्टर न्हाई, कंपौंडर न्हाई, मास्तरीन न्हाई. मंग ही पोरगी हुनार काय, सायेब?” तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत आणि त्यांच्याच बोलीत म्हणालात, खरं सांगू का, आमाला बी अजून ठावं न्हाई, विषय नवा हाय. शिकू द्या, वाट सापडंल. दुसऱ्या कुणी मोठमोठ्या नोकऱ्यांची नावं घेतली असती तर वडिलांनी मला त्याच दिवशी काढून नेलं असतं. घरी येऊन ते म्हणाले, मास्तर खरं बोलला, तवा शीक.

वाटा सापडल्या, सर. सलीमचे वडील शहरात बेकरी चालवतात; त्यांचा हा मुलगा आता साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत यीस्ट सांभाळतो आणि दारूच्या टाकीवर नोकरी धरली म्हणून घरी अजून अर्धा अबोला आहे. वर्गातला एक जण औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात बसतो. एक जण हायस्कुलात सामान्य विज्ञान शिकवतो आणि भाकरीचा प्रयोग स्वतःच्या नावावर खपवतो. मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासते. यातली एकही वाट तुमच्या पसंतीची नव्हती, आणि माझी तर मुळीच नव्हती.

आता त्या बाटल्यांकडे येते. लघवीच्या तपासणीचं प्रात्यक्षिक म्हणजे आमच्याकडे हसण्याचा आणि लाजण्याचा दिवस. टेबलावर दोन बाटल्या असत. एकीवर 'अ‍ॅबनॉर्मल' अशी पट्टी, दुसरीवर 'नॉर्मल'. अ‍ॅबनॉर्मल बनावटच असायची; तिच्यात ग्लुकोज आणि अंड्याचं पांढरं मिसळून तुम्ही आमच्यासाठी रोगी तयार करत होता. नॉर्मल मात्र खरीच लागे, आणि ती आणायला कुणी तयार नसे, म्हणून तुम्ही स्वतःची आणायचात. हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. मी नॉर्मल आहे यावर निदान विद्यापीठाचा तरी विश्वास आहे, असं तुम्ही म्हणायचात आणि मुलं हसायची. ती बाटली मुळात कुणी तपासतच नसे. नॉर्मल म्हटल्यावर तपासायचं काय? सगळे आधीच 'साखर नाही, प्रथिन नाही' असं लिहून मोकळे होत आणि उरलेला वेळ दुसऱ्या बाटलीवर घालवत. तुम्हीही कधी कुणाला त्याबद्दल टोकलं नाहीत.

बहात्तरच्या दिवाळीनंतरची गोष्ट. पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, नळ कोरडे होते, आणि आम्ही सगळे एकाच घमेल्यात परीक्षानळ्या बुचकळून धूत होतो. माझी अ‍ॅबनॉर्मल लवकर आटपली. घमेलं मोकळं होईपर्यंत काय करायचं, म्हणून मी नॉर्मलही लावली. साखर ओळखायच्या निळ्या बेनेडिक्ट द्रावणात तुमच्या बाटलीतले थेंब टाकले आणि उकळलं. ते निळंच राहायला हवं होतं. ते हिरवं झालं, पिवळं झालं आणि बघता बघता विटेसारखं लाल होऊन तळाशी बसलं. एवढी लाल तुमची ग्लुकोज घातलेली बाटलीसुद्धा झाली नव्हती.

तुम्ही जवळ आलात आणि म्हणालात, कुसुम, बाटल्यांची अदलाबदल झाली तुझी. मी नळी धुतली आणि तुमच्यादेखत पुन्हा केलं. पुन्हा वीट. तुम्ही नळी माझ्या चिमट्यातून काढून घेतलीत आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिलात. मला तुमची पाठ दिसत होती, आणि खांद्यावरून उतरलेला सदरा दिसत होता. त्या वर्षी सगळेच वाळले होते. रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची भाकरी खाऊन कोण जाड होणार? म्हणून तुमचं वाळणं कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं. माठाचंही तसंच. प्रयोगशाळेतला माठ दुपारच्या आत तळाला जायचा आणि तुम्ही फार ऊन आहे म्हणायचात, आम्हीही हो म्हणायचो. दिवाळी झाल्यावर कसलं ऊन, सर?

वहीत काय लिहू, असं मी विचारलं.

“सगळ्यांनी लिहिलंय तेच लिही,” तुम्ही म्हणालात.

तुम्ही शिकवलेल्या प्रत्येक गोष्टीच्या विरुद्ध ते वाक्य होतं. मी 'साखर आहे' असं लिहिलं. तुम्ही त्यावर सही केली नाहीत आणि चूक म्हणून काटही मारली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला बोलावून, दार उघडं ठेवून, खालच्या आवाजात तुम्ही मला एक व्याख्यान दिलंत. बेनेडिक्ट लाल झालं म्हणजे साखर असतेच असं नाही. आवळे किंवा बोरं भरपूर खाल्ली तर क जीवनसत्त्व उतरतं आणि तेही द्रावणातल्या तांब्याला तसंच लाल करतं. डोकेदुखीच्या गोळीनंही होतं. तुम्ही बोरं खाल्ली होती आणि गोळीही घेतली होती. मला खरंच हायसं वाटलं. मी म्हटलं, मग आठवडाभर दोन्ही बंद ठेवा आणि पुन्हा बाटली द्या. तुम्ही हसलात आणि कबूल झालात. बाटली आली आणि पुन्हा वीट झाली.

मग तुम्ही म्हणालात, साखरा अनेक असतात, ही फळांतली निरुपद्रवी, पेंटोज जातीची साखर असेल. ग्लुकोजच आहे हे सिद्ध कर. मी सलीमकडून बेकरीतलं यीस्ट मागवलं. त्यानं कशाला हवं म्हणून विचारलं, मी पाव करायला म्हणून सांगितलं, आणि तो मला आठवडाभर पाव कुठाय म्हणून चिडवत होता. यीस्ट ग्लुकोज खाऊन टाकतं; तुम्ही सांगितलेल्या त्या फळांतल्या साखरेला ते तोंड लावत नाही. तुमच्या नमुन्यात यीस्ट घालून तो उबेत ठेवला आणि मग तपासला, तर निळ्याचा निळा. जे काही होतं ते यीस्टनं फस्त केलं होतं. तुम्ही म्हणालात, बेकरीच्या यीस्टचा काय भरवसा? तेव्हा मी नमुन्यात एक रसायन घालून, उकळून साखरेचे स्फटिक पाडले. सूक्ष्मदर्शकाखाली पिवळ्याधमक सुया दिसल्या, कडब्याच्या पेंढ्या बांधून ठेवल्यासारख्या. ग्लुकोजच्या त्या तशाच दिसतात. तुम्ही डोळा लावलात तो बराच वेळ काढला नाहीत.

“सुंदर आलेत,” तुम्ही म्हणालात. “पुस्तकातसुद्धा इतके चांगले नाहीत.”

आणि उठून तासाला गेलात.

सर, माझं सगळं बी.एस्सी. त्या हिवाळ्यात झालं. तुम्ही पळवाट दाखवायची आणि मी ती बुजवायची, असं आपलं चाललं होतं. अडाणी माणसाला इतक्या पळवाटा सापडल्या नसत्या. डॉक्टरनं साखर म्हटलं की तो घाबरतो आणि औषध घेतो. तुम्हाला मात्र ही चाचणी फसण्याची सगळी कारणं तोंडपाठ होती, कारण परीक्षेत ती तुम्हीच विचारत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काही उगीच नाही. मला तुमचा संताप यायचा. पण इतकं शिकायला मिळत होतं की सकाळी केडगावहून सायकल काढताना, आज सर काय नवीन काढतील, याची मी वाटही बघायची. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि दुसरी कुणाला सांगायची मला लाज वाटत होती.

शेवटची पळवाट सगळ्यात भक्कम होती. तुम्ही म्हणालात, काही माणसांच्या मूत्रपिंडाचा बांधच ठेंगणा असतो. रक्तात साखर बेताची असली तरी ती बांधावरून सांडते. माणूस ठणठणीत असतो आणि लघवीत मात्र साखर दिसते. हे खोटं नव्हतं, अशी माणसं असतात. पण ते खोडायचं किंवा मान्य करायचं, तर रक्तच तपासायला हवं. मी म्हटलं, मग रक्त द्या.

“ते नाही,” तुम्ही म्हणालात.

मी थांबले. पुढे व्याख्यान येईल असं वाटलं होतं, पण काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या आठवड्यात विचारलं. दर वेळी तेवढेच दोन शब्द. तोवर तुम्ही वर्गात शिकवताना टेबलाचा आधार घ्यायला लागला होता.

म्हणून मी तुमच्या घरी गेले. तुम्ही विद्यापीठाच्या कामानं पुण्याला गेला होता, हे बघूनच गेले. काकू चहा करत होत्या. मी सांगितलं तसा साखरेच्या डब्यावरचा त्यांचा हात थांबला. “मंजी आबांचं तेच?” त्यांनी विचारलं. आबा कोण ते मला माहीत नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की आबा म्हणजे तुमचे वडील. पायाला साधी जखम झाली होती, ती चिघळली, नगरला आणून पाय कापला आणि पाय कापूनही ते राहिले नाहीत. तुम्ही तेव्हा कॉलेजात होता आणि त्यांच्या उशाशी बसून होता. काकू म्हणाल्या, “तवापासून सुईचं नाव काढलं तरी ह्यांचं तोंड सुकतं. दुसऱ्याला लई शिकवित्यात, पन सोता दवाखान्याच्या दारातून जात न्हाईत.”

चहा तसाच राहिला. सायकल हातात धरून मी तुमच्या आळीतून बाहेर आले तेव्हा मला कळलं की इतके महिने मी चुकीच्या माणसाशी वाद घालत होते. मी रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाशी भांडत होते, आणि समोर बापाचा पाय बघितलेला एक मुलगा बसला होता. हे आधी कळतं तर मी वेगळं बोलले असते का? ठाऊक नाही. मला दुसरं काही बोलता येत नव्हतं, तुम्ही मला पुरावाच शिकवला होता.

तुम्ही परत आलात आणि घरात बिनसाखरेचा चहा सुरू झाला. त्याच दिवशी प्रयोगशाळेत सगळे गेल्यावर तुम्ही माझ्यापुढे उभे राहिलात. इतकं रागावलेलं मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं. आवाज मात्र चढलेला नव्हता.

“नमुना माझा, निकाल माझा. तो घरोघर सांगायचा अधिकार तुला कुणी दिला?”

“घरोघर नाही सांगितला. तुमच्या घरी सांगितला.”

“अधिकार कुणी दिला, ते विचारतोय.”

“तुम्हीच. बाटली टेबलावर ठेवलीत तेव्हा.”

त्यानंतर तुम्ही माझ्याशी विषयापुरतं बोलायला लागलात. बाटल्या बंद झाल्या. घरी फिका चहा घेऊन तुम्ही कँटीनमध्ये गोड चहा पीत होता. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे तुम्हीही पाहिलंत, आणि दुसरा कप मागवलात. असा हट्ट लहान पोर करतं, सर.

परीक्षा झाली तेव्हा तुम्हीच अबोला सोडलात. मला बोलावून म्हणालात, बडोद्याला बोलणं झालंय, एम.एस्सी.ला जागा आहे, मुलींचं वसतिगृह आहे, एन्झाइमवर उत्तम काम चालतं. नगरात राहून काय करशील, लोकांच्या बाटल्या तपासशील? त्याला कुणीही चालतं, तुझ्यासारखी कशाला? तुमच्या डोळ्यांत किती दिवसांनी तो पहिल्या तासाचा उजेड होता. वडिलांना मी कधीच पटवलं होतं. मला जायचं होतं, सर. रात्रंदिवस मी त्या बडोद्याचाच विचार करत होते. तरीही माझ्या तोंडून निघालं ते हे:

“तुम्ही रक्त द्या, मी बडोद्याला जाते.”

“सौदा करतेस माझ्याशी?”

“हो.”

तुम्ही टेबलावरचा शाईचा डाग बोटानं घासलात. मग म्हणालात, “मग राहा इथंच.” मी बरं म्हणाले आणि बाहेर पडले. मला वाटलं होतं तुम्ही वाकाल. तुम्हाला वाटलं असणार मी वाकेन. बडोद्याची मुदत निघून गेली आणि आपण दोघं आपापल्या जागी ताठ उभे राहिलो. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. तुम्ही चुकलात असं मात्र ठाम वाटतं. तुम्ही समोर असता तर हे अजून दहा वर्षं भांडता आलं असतं, आणि मी भांडले असते.

मग मी दवाखान्यात लागले. पहिल्या दिवशी ज्येष्ठ तंत्रज्ञांनी मला रोग्यांच्या नळ्यांची ताटली दिली आणि सांगितलं, यातल्या बऱ्याचशा नॉर्मलच निघतात. मी म्हटलं, आधी तपासते. ते जरा दुखावले. तुम्हाला सांगायचं राहिलं ते हेच, की या कामाला कुणीही चालत नाही. प्रत्येक नळीमागे बाहेर बाकावर कुणीतरी बसलेलं असतं, पदराचं टोक चावत. मी आकडा लिहिते आणि त्या माणसाचं पुढचं आयुष्य त्या बाजूला वळतं. एन्झाइम इथेही तेच आहेत, सर. फक्त त्यांना घर आणि नातेवाईक असतात.

एकदा तुम्ही दवाखान्याच्या फाटकापर्यंत आलात. समोरच्या टपरीवरून एका माणसाबरोबर मला निरोप पाठवलात. मी धावत आले तर तुम्ही सायकल धरून उभे, आणि पहिला प्रश्न, इथे कलरीमीटर कुठला आहे? मग द्रावण ताजं कधी करता, ठरावीक साखरेच्या प्रमाण नळ्या दर खेपेला लावता की जुन्यांवर भागवता, सगळं खोदून विचारलंत. रस्त्यात उभं राहून आपण कितीतरी वेळ रक्तातल्या साखरेच्या मापनावर बोललो, आणि तुमच्या रक्ताचं नाव दोघांनीही काढलं नाही. मला फार आनंद झाला होता. निघताना मी बघितलं तर तुमच्या डाव्या बुटाची नाडी सोडलेली होती. तुम्ही म्हणालात, रब्बीच्या पेरणीला पारनेरला गेलो होतो, काटा मोडलाय. मी दाखवा म्हटलं. दाखवण्यासारखं काही नाही, तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, सर, फाटक समोर आहे, माझ्याबरोबर आत चला, मी तुमच्याजवळ बसते. तुम्ही त्या फाटकाकडे बघितलंत, आणि तुमचं तोंड सुकलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दुपारी प्रॅक्टिकल आहे, असं म्हणून तुम्ही सायकलवर टांग टाकलीत. दुखऱ्या पायानं पहिलं पॅडल मारताना तुम्ही ओठ आवळलेत.

थंडी पडायला लागली तेव्हा काकूंनी तुम्हाला टेम्पोत गादी टाकून आणलं. तुम्ही शुद्धीवर होता, पण श्वास धापा टाकल्यासारखा चालला होता आणि पायाची बोटं काळी पडली होती. मला हे नंतर कळलं. मला आधी कळली ती नळी. सकाळी वॉर्डातून ताटली आली आणि एका नळीवरच्या पट्टीवर तुमचं नाव होतं. वर्षभर मागितलेलं रक्त माझ्या टेबलावर आलं होतं, आणि ते तुम्ही दिलेलं नव्हतं.

मी हात धुतले आणि कामाला लागले. प्रथिनं काढली, गाळलं, तांब्याचं द्रावण घालून उकळलं, शेवटचं द्रावण घातलं. रक्ताच्या या चाचणीत रंगाचा अर्थ उलटा असतो. जितकं निळं, तितकी साखर जास्त. तुमची नळी शाईसारखी झाली. आमच्या सगळ्यात गडद प्रमाण नळीच्याही पुढे गेली. अशा वेळी आकडा वाचायचा नसतो, पातळ करून पुन्हा करायचं असतं. मी पातळ करून केलं, आणि मग तेही सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. आकडा तोच आला. तो डॉक्टरांना कळवला आणि इन्शुलिन सुरू झालं. पाय कापावा लागेल असं ते आपसात बोलत होते. ती वेळ तुम्ही येऊ दिली नाहीत, त्याआधीच गेलात. पण त्या दिवशीची दुपार माझ्याजवळ आहे.

मी वॉर्डात आले तेव्हा तुम्ही डोळे मिटून होता. काकू पायथ्याशी बसल्या होत्या, पायावर चादर ओढलेली होती. माझी चाहूल लागली तसे तुम्ही डोळे उघडलेत आणि कशी आहेस वगैरे काही न म्हणता विचारलंत, “किती?”

मी आकडा सांगितला.

“डायल्यूट केलंस?”

“केलं.”

“पुन्हा करून बघितलंस?”

“बघितलं, सर. तोच आला.”

मला वाटलं, आता काहीतरी काढाल. द्रावण शिळं असेल, नळी धुतलेली नसेल, आणखी एखादं कारण असेल जे तुमचं आम्हाला शिकवायचं राहून गेलं होतं. मी उभ्या जागी त्याची वाट बघत होते. तुम्ही मान वळवलीत ती माझ्याकडे नाही, काकूंकडे, आणि तुमच्या घरच्या बोलीत म्हणालात, “मंग बरोबर हाय. हिचं चुकत न्हाई.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला आभार मानायचे होते, भांडायचं होतं, तुमच्या पायावर डोकं ठेवायचं होतं, आणि त्या पायाला हात लावायची सोय नव्हती. ज्या एका वाक्यासाठी मी वर्षभर तुमच्याशी झगडले, ते तुम्ही मला देऊन टाकलं होतं.

मी खाली प्रयोगशाळेत आले. तुमच्या नळीत अजून थोडं रक्त उरलं होतं. मी नवीन द्रावण केलं, पिपेट बदलली, काच पुन्हा धुऊन घेतली आणि चाचणी तिसऱ्यांदा लावली. चूक होण्याची तुम्ही शिकवलेली सगळी कारणं मी एकेक करून आठवत होते, आणि कुठेतरी माझंच काहीतरी चुकलेलं सापडावं म्हणून देवाला हात जोडत होते.